ठणका की कळ

“आत्या, कोणाला सीपीआर द्यायला चाललीस?”

व्हिडिओ कॉल चालू होता आणि मी पायात चपला सरकवत म्हटलं होतं, “ठेवते गं आता, सीपीआरला जायचंय.” शेजारच्या काकूंचे रिपोर्ट आणायचे होते, बाकी काही नाही. पण पलीकडे माझी भाची खुर्चीतून अर्धी उठली होती. मिनेसोटातल्या एका कॉलेजात ती बायॉलॉजी शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे. बंद पडलेल्या हृदयासाठी छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब कसा द्यायचा, याचं सर्टिफिकेट तिनं मागच्याच वर्षी घेतलंय. तिच्या लेखी सीपीआर म्हणजे कोणाचा तरी जीव जातोय. कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, टाउन हॉलच्या बागेसमोरचं. रिक्षावाल्याला तेवढंच सांगायचं, पुढं पत्ता लागत नाही. मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती हसत सुटली, आणि हसणं थांबल्यावर म्हणाली, “मला तिथं यायचंय. शिकायला.”

घरात तिला आम्ही ठकी म्हणतो. लहानपणी अगदी सावंतवाडीच्या लाकडी ठकीसारखी दिसायची, गोल चेहरा आणि रंगवल्यासारखे डोळे. जन्म तिकडचा. मराठी येतं, पण ते स्वयंपाकघरातलं: भात वाढ, दार लाव, आजी झोपली का. दुसऱ्या दिवशी तिनं मला एक एक्सेल शीट पाठवली. आठ सेमिस्टरचे आठ रकाने, प्रत्येक विषयाला रंग, लाल रंगातले विषय हलवायचे नाहीत, हिरवे हलले तरी चालतील. मधे एक पिवळा चौकोन रिकामा, त्यात लिहिलेलं: ‘कोल्हापूर???’ तीन प्रश्नचिन्हांसकट.

मी ३१ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. माझ्या मुलांचं नियोजन मला तोंडपाठ होतं, कारण ते एका ओळीचं असायचं. नीट, मेडिकलची प्रवेशपरीक्षा. ७२० मार्क, त्यातले ३६० माझ्या विषयाचे. मे महिन्यातला एक रविवार. त्या दिवशी पोट बिघडलं, सेंटरला पोचायला उशीर झाला, तर वर्ष गेलं. त्यामुळे ठकीची शीट बघताना मला पहिल्यांदा वाटलं की ही पोरगी डॉक्टर होणार आहे की रेल्वेचं वेळापत्रक लावणार आहे.

मग दर रविवारी, आमचे रात्रीचे आठ आणि तिचे सकाळचे साडेनऊ, अशा वेळी ती मला शिकवत गेली. तिथं मेडिकल हे पदवीनंतरचं शिक्षण आहे. आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल स्कूलची चार वर्षं, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात राबून घ्यायचं पुढचं प्रशिक्षण. ‘प्री-हेल्थ’ नावाची पदवी मिळत नाही. तो एक रस्ता आहे, पदवी कशातही घ्या. इतिहासात घ्या, संगीतात घ्या. फक्त ठरावीक विषय प्रयोगशाळेसह झालेले हवेत: साधारण वर्षभराचं जीवशास्त्र, वर्षभराचं जनरल केमिस्ट्री, मग ऑरगॅनिक, भौतिकशास्त्र, बायोकेमिस्ट्री. शिवाय एमकॅट नावाची परीक्षा. ती साडेसात तास चालते आणि तिचे मार्क ४७२ पासून सुरू होऊन ५२८ ला संपतात. हे ऐकून मी म्हटलं, काहीही न लिहिता ४७२ मिळतात? ठकी म्हणाली, “आत्या, जोक नको.” पण माझा प्रश्न खरा होता. शून्यापासून मोजायला यांना कोणी बंदी केली आहे का?

या रस्त्यात परदेशातलं सेमिस्टर बसवायचं म्हणजे खरी कसरत असते. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये सुरू होतो, दुसरा जानेवारीत. मधला एक हुकला की पुढचं वर्षभर थांबा. हे विषय परदेशात जाऊन उरकावेत तर तेही नाही. तिकडच्या पुष्कळ मेडिकल स्कूलना हे विज्ञानाचे विषय अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजातच केलेले लागतात. म्हणजे बाहेर जाऊन भाषा शिका, इतिहास शिका, समाजशास्त्र शिका; केमिस्ट्री घरी. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एमकॅट आणि अर्ज, कारण अर्जाची गाडी मे-जूनमध्ये सुटते आणि प्रवेश त्यानंतरच्या वर्षी. तो काळही बाद. राहतं काय? दुसऱ्या वर्षाचं दुसरं सेमिस्टर, तिसऱ्याचं पहिलं, किंवा सुट्ट्या. नाही तर पदवीनंतर एक वर्ष मोकळं घ्यायचं. आमच्याकडं त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात आणि आई-बाप तो शब्द शेजाऱ्यांपुढं हळू आवाजात उच्चारतात. तिकडं पुष्कळ मुलं ते वर्ष उघडपणे घेतात.

एक गोष्ट मला फार टोचली. माझ्या किती विद्यार्थ्यांनी परदेशात शिकायचं नियोजन केलं! रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स. नीटला मार्क आले पण सरकारी जागेइतके नाहीत, आणि खासगीची फी बापाच्या उसाच्या बिलात बसत नाही, म्हणून. त्यांच्याही शीट असायच्या, पण त्या वहीच्या मागच्या पानावर: कोर्स किमान ५४ महिन्यांचा आहे का, शिकवणं इंग्रजीत आहे का, तिथं बारा महिन्यांची इंटर्नशिप आहे का, आणि परत आल्यावर ३०० मार्कांच्या परीक्षेत १५० पडतील का. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमधून जी पोरं परत आली, त्यांच्या आया काय रात्री जागल्या ते मी पाहिलंय. आमच्याकडं परदेशी शिकणं म्हणजे इथं जागा नाही म्हणून जाणं. ठकीची जागा तिकडं पक्की आहे. ती चार महिने उठून जाणार आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसणार. तिच्या मैत्रिणी स्पेनला चालल्यात, एक डेन्मार्कला. मला क्षणभर राग आला, तिचा नव्हे, कोणाचा ते सांगता येत नाही.

तरी मी कामाला लागले. आत्या आहे शेवटी.

तिचं पहिलं म्हणणं होतं उन्हाळ्याचं. तिचा उन्हाळा, जून ते ऑगस्ट. मी कॅलेंडरकडं बघितलं आणि म्हटलं, “तेव्हा इथं पंचगंगा घरात येते.” तिला वाटलं मी वर्णन करतेय. मग मी तिला राजाराम बंधाऱ्याचं गणित सांगितलं: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पावसाळ्यात कोल्हापुरातला प्रत्येक माणूस सकाळी उठून आधी हा आकडा बघतो, मग दूध आणायला जातो. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, पुणे-बंगळूर हायवे बंद पडला, आणि पूर ओसरल्यावर चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, येऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटत फिरावं लागलं. ठकीचे डोळे चमकले. “पण पब्लिक हेल्थ शिकायला तीच बेस्ट वेळ ना?”

पुरात सापडलेल्या गावाला पाहुणी नको असते गं, बोट हवी असते, असं मी जरा तोडूनच बोलले. ती गप्प झाली. पुढच्या रविवारी शीटमध्ये उन्हाळ्याच्या चौकोनावर फुली होती.

दरम्यान तिच्या कॉलेजच्या ट्रॅव्हल क्लिनिकनं एक यादी दिली: टायफॉइड, हिपॅटायटिस ए, रेबीजच्या आधीच घ्यायच्या लसी, जपानी मेंदूज्वराचा विचार करा, मलेरियाच्या गोळ्या. दादानं ती मला फॉरवर्ड केली, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. कोल्हापूरला यायला रेबीजची लस! मीही हसले. मग संध्याकाळी दूध आणायला गेले तर चौकात सात कुत्री, आणि मला आठवलं की आमच्या गल्लीतल्या दोघांना याच वर्षी इंजेक्शनं घ्यावी लागली आहेत. यादी हसण्यासारखी नव्हती. आपण सवयीनं जगतो एवढंच.

नियोजनातली बाकीची कामं भराभर उरकली. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं, कार्ड आहे, त्यामुळे व्हिसाची कटकट नाही. पण संशोधन करायचं तर ओसीआयवाल्यांनाही सरकारची वेगळी परवानगी लागते, शिवाय एथिक्स कमिटी. तिला सर्पदंशावर एक प्रश्नावली भरून घ्यायची होती. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून आपल्याकडं एकच प्रतिविष देतात, हे तिला फार नवलाचं वाटलं होतं. ती कल्पना आम्ही तिथंच सोडली. विमा, पैसे, तिकीट हे दादाचं खातं.

मोठा प्रश्न राहिला: इथं येऊन ती करणार काय?

इंटरनेटवर याचं उत्तर तयार मिळतं. चार आठवड्यांचं पॅकेज, राहणं-खाणं धरून. वेबसाइटवर पांढरा कोट घातलेली गोरी मुलं आणि त्यांच्या मधे एक सावळं पोर, कोणत्या देशातलं ते लिहिलेलं नाही. ‘प्रत्यक्ष हातानं अनुभव’ असं वर ठळक. असल्या एका कंपनीनं ठकीला सरळ सांगितलं की इथं तुला टाके घालायला मिळतील, तिकडं कोण देणार? एकोणीस वर्षांच्या, फक्त बेडूक आणि फळमाशी हाताळलेल्या मुलीला. मी ते ऐकून संतापले. आणि संतापाच्या भरात मीही तेच केलं.

माझा एक जुना विद्यार्थी सर्जन आहे, शहरात स्वतःचं हॉस्पिटल. त्याला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, पाठवा की! आपलंच ओटी, ऑपरेशन थिएटर हाय, उभी राहू दे माझ्या शेजारी, सगळं दाखवतो. परवानगी कसली घेताय?” कोल्हापूरच्या माणसाचं मन हे असं आहे, जेवायला बसवल्यासारखं ओटीत बसवतो. मी खूश होऊन ठकीला सांगितलं. पॅकेज नको, पैसे नकोत, आपला माणूस आहे.

ठकी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “टेबलवर जी बाई असेल तिला विचारलंय का?”

कोणत्या बाईला? अजून कोणती बाई ठरलीच नव्हती.

“तेच,” ती म्हणाली. “जी असेल ती.”

तिच्या सल्लागारांनी तिला अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं वाचायला लावली होती. सार असं की, जे काम करायची तुमची घरी लायकी नाही ते परदेशात जाऊनही करू नका, आणि पेशंटला तुम्ही विद्यार्थी आहात हे कळलं पाहिजे. म्हणजे आपल्याकडं नियम सैल आहेत म्हणून त्याचा फायदा घ्यायचा नाही, हे तिला तिकडच्यांनी शिकवलं होतं. आणि इकडं मी, तिची आत्या, तो सैलपणा भेट म्हणून पुढं करत होते.

फोन ठेवल्यावर मला एक जुनी दुपार आठवली. कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही. माझं पहिलं बाळंतपण. कळा सुरू झालेल्या, अंगावरची चादर धड नाही, आणि दारातून दहा-बारा मुलं-मुली आत आली. वह्या हातात. त्यांचे सर माझ्याकडं न बघता त्यांना काहीतरी इंग्रजीत सांगत होते. मी बायॉलॉजीची शिक्षिका, मला त्यातला शब्दन् शब्द कळत होता. एका मुलीनं तेवढं माझ्याकडं बघितलं, आणि बघितल्याबद्दल लाजली. कोणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, यात शंका नाही. पोरांनी शिकायचं कुठं मग? पण विचारलं नाही हे मी पस्तीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्या रविवारी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “एवढे दिवस बोलली नाहीस?” अंगावर काढलं, दुसरं काय.

तेव्हा ठरवलं, आधी आपण बघून यावं. माझी कॉलेजातली मैत्रीण बीएएमएस आहे, गगनबावड्याच्या रस्त्यावर एका गावात तिचा तीस वर्षांचा दवाखाना. एका मंगळवारी सकाळी मी तिच्याकडं जाऊन बसले. येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, “ह्या माझ्या मैत्रीण, मास्तरीण हायत. बसल्या तर चालंल न्हवं?” बहुतेक जण मान डोलवायचे. चौथा एक म्हातारा होता. तो माझ्याकडं नीट बघून म्हणाला, “न्हाई. भाईर बसू देत.” मी उठून बाहेर गेले. मैत्रिणीनं माफीबिफी काही मागितली नाही, मला ते आवडलं.

बाहेर बाकावर पाच बायका होत्या. आणि खरा दवाखाना तिथं चालला होता. आत गेल्यावर जी बाई “जरा पोटात दुखतंय” एवढंच म्हणणार होती, ती बाहेर शेजारणीला सगळं सांगत होती: कधीपासून, कशानं वाढतं, सासू काय म्हणाली, ऊस लागणीच्या दिवसात वाकून वाकून कंबर कशी धरते, मधे एकदा कसं थांबलं होतं. आत दोन मिनिटांत जे डॉक्टरला खणून काढावं लागतं, ते बाहेर आपसूक वाहत होतं. ठकीला इथं बसवायचं, ओटीत नव्हे, असं मी मनाशी म्हटलं. (हेही ऐकायचं तर विचारूनच ऐकायला हवं, हे मात्र मला घरी आल्यावर सुचलं.)

पण बाकावर बसून तिला कळलं काय असतं? स्वयंपाकघरातल्या मराठीत दुखणं नसतं. दादा-वहिनींनी परक्या देशात तिच्यासमोर कधी कण्हल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरकडं गेले की तेही इंग्रजीच बोलणार. मी तिला विचारलं, दुखण्याचे किती शब्द येतात? ती म्हणाली, “दुखतंय. खूप दुखतंय.” आणि तिकडं कसं मोजतात? शून्य ते दहा. पेशंटला विचारायचं, दहातले किती? मी मैत्रिणीला म्हटलं, तू विचारून बघ. तिनं एका आजीला विचारलं. आजी म्हणाली, “लई न्हाई वो, सोसंल एवढं हाय.” आता हे दहातले किती?

म्हणून मी वही केली. जुनी सवय. दर रविवारी पाच शब्द, व्हॉइस नोटसकट.

ठणका: आत पू धरलाय, गळू आहे, दाढ किडलीय, आणि नाडीबरोबर ठोके पडतायत. कळ: येते आणि जाते, पोटात येते, बाळंतपणात तर कळाच. चमक: हललं की सुरीसारखी लागून जाते, पाठीत नाही तर बरगडीत. उसण: वाकलं आणि पाठ तिथंच धरली. सणक: डोक्यात जाते. मुरडा: पोटात पिळवटतं आणि धावावं लागतं. पेटका किंवा गोळा: रात्री पोटरीत. चुरचुर, जळजळ आणि आग या तिन्ही वेगळ्या. डोळे चुरचुरतात, छातीत जळजळतं, तळपायाची आग होते, आणि शेवटचं ऐकलं की डॉक्टरनं साखर तपासायला सांगावी. ठसठस: जखमेची, ठणक्याची धाकटी बहीण. हुळहुळणं: वरची कातडी गेलीय आणि कपडा लागला तरी सोसवत नाही. रग: चालून चालून पायाला लागते, तो आजार नव्हे. कणकण: ताप अजून थर्मामीटरला कळलेला नाही, पण अंगाला कळलाय.

ठकीनं सणक आणि चमक यांत घोळ घातला, पण कणकण तिला इतका आवडला की तिनं रूममेटलाही शिकवला. मिनेसोटाच्या बर्फात आता एक मुलगी “आय हॅव कणकण” म्हणत फिरते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘अंगावर’ या शब्दात. मी सहज बोलून गेले की त्या बाईनं तीन महिने दुखणं अंगावर काढलं. ठकी म्हणाली, “ओ, गुड! म्हणजे बरी झाली.” मी म्हटलं, कशी? “तू म्हणालीस ना, काढलं. अंगावरचं काढून टाकलं.” मी कपाळाला हात लावला. मग हसू आलं, आणि मग नाही आलं. उद्या ही खरोखर डॉक्टर होऊन समोर बसली, बाईनं सांगितलं की अंगावर काढलं, आणि हिनं कागदावर लिहिलं, बरी आहे?

मग आम्ही बसलो. अंगावर काढणं म्हणजे औषध न घेता, कोणाला न सांगता सोसत राहणं. अंगावर जाणं हे वेगळंच, ते बायका खालच्या आवाजात सांगतात, आणि लाल जातंय की पांढरं हे डॉक्टरनं हळूच विचारायचं असतं. अंगावर पिणारं बाळ आहे का, हे गोळ्या लिहिण्याआधी विचारायचं. दिवस गेलेत म्हणजे वेळ वाया गेलेला नाही. खाली झालं म्हणजे जिना नव्हे. ठकी लिहून घेत होती आणि मधेच थांबून म्हणाली, “आत्या, कोणीच बॉडीचा शब्द वापरत नाही.” मी म्हटलं, वापरत नाहीतच. तोच तर तुझा अभ्यासक्रम आहे, आणि तो तुझ्या शीटमध्ये कुठल्याच रंगात नाही.

या सगळ्यात एक माणूस सारखं माझ्या डोळ्यांपुढं यायचं. गोपाळराव जोशी कोल्हापुरात पोस्टात नोकरीला होते, तेव्हा बायकोला, आनंदीबाईला, अमेरिकेत शिकायला पाठवायचं त्यांच्या डोक्यानं घेतलं. आधी कोल्हापुरात राहून गेलेल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला त्यांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं की ख्रिस्ती व्हा, मग बघू. ते काही जमलं नाही. पण तो पत्रव्यवहार वाइल्डरनी तिकडं आपल्या मासिकात छापला, आणि न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडं नंबर यायची वाट बघताना तो वाचला. तिथून पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोट, फिलाडेल्फियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज, १८८६ च्या मार्चमध्ये पदवी. आणि कोल्हापूर संस्थानानं तिला बोलावलं, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या वॉर्डाची मुख्य डॉक्टर म्हणून. ते हॉस्पिटल म्हणजे आजचं सीपीआर, जिथं मी काकूंचे रिपोर्ट आणायला जाते.

आनंदीबाई त्या वॉर्डात रुजू व्हायची राहिली. क्षयानं पोखरून परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी नव्हती. चौदाव्या वर्षी तिचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं, आणि इथल्या बायांना बाई डॉक्टर हवी, हे ती निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात उभी राहून सांगून गेली होती. श्रीरामपूर म्हणजे बंगालमधलं, आपलं नगरकडचं नव्हे. पुरुष डॉक्टरपुढं जे तोंडातून निघत नाही ते जिच्यापुढं निघेल अशी बाई. विद्या फिलाडेल्फियात मिळणार होती. ऐकण्याची भाषा तिच्याकडं जन्मापासून होती. ठकीचं उलटं आहे. विद्या तिला घरबसल्या मिळतेय आणि भाषेसाठी बोटीत बसायचंय.

परदेशी शिकायला निघालेल्याच्या पाठीशी उभं राहायची या गावाला तशी जुनी खोड. १९२० मध्ये, माणगावच्या परिषदेनंतर काही महिन्यांनी, बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला परतले, तेव्हा शाहू महाराजांनी हात दिला होता. मी आपली वही घेऊन बसलेय. ज्याला जे जमतं ते.

शीट आता अशी आहे. या डिसेंबरात सेमिस्टर संपलं की तीन आठवडे कोल्हापूर. क्रेडिट नाही, सर्टिफिकेट नाही, पांढरा कोट नाही. गळीत हंगाम ऐन भरात असेल, ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या असतील, मैत्रिणीच्या दवाखान्यासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असेल. बाकावर बसायचं, विचारून. आशाताईंबरोबर फिरता येईल का, त्यासाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडं अर्ज केलाय. उत्तर आलेलं नाही, येईल तेव्हा येईल. सर्जनला मी फोन करून सांगितलं की ओटी नको. तो म्हणाला, “मग जेवायला तरी पाठवा मॅडम,” आणि तांबड्या-पांढऱ्याचं आमंत्रण तेवढं कायम राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या मराठीच्या वर्गाला अर्ज करायचा तिचा विचार आहे. ते मिळालं तर भाषेचं क्रेडिटही होईल आणि ऑरगॅनिकलाही धक्का लागणार नाही. एमकॅट मग पदवीनंतर. मोकळ्या वर्षात. दादाला हे अजून सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी तिचा फोन ठरलेल्या वेळेआधीच आला. गाल सुजलेला, मागे पांढरी भिंत, कोपऱ्यात मासिकांचा ढीग. अक्कलदाढ काढायची होती आणि नंबर यायचा होता.

“आत्या, दुखतंय,” ती म्हणाली.

मी शिक्षिका. मला राहवेना. “ठणका की कळ?”

ती थांबली. गालाला हात लावला, डोळे मिटले. मागे कोणीतरी कोणाचं तरी नाव पुकारलं.

“ठसठस,” ती म्हणाली. “चालेल?”